सोमवारचं रक्त

भालचंद्र माने, वय त्रेचाळीस, फोम विभाग, नंदेसरी.
फॉर्मवर कंपनीने प्रश्न आधीच छापून पाठवलेत:
विडी? कबुतरं? घरात ओल?
तिन्हींपुढे त्यांनी 'नाही' लिहिलंय.
तिसऱ्यापुढे शाई वेगळी आहे.
विचार करून आले असावेत.

बाही वर. शीर शोधावी लागत नाही,
सतरा वर्षं पिंपं ढकललेला हात.
"बाई, रविवारी काही म्हणजे काही नाही बघा.
दांडिया बाजारात शेव-उसळ खातो, वरून तर्री,
ठसकासुद्धा लागत नाही.
सोमवारी दुपारपर्यंतही ठीक.
रात्री मात्र भिंतीला पाठ लावून बसतो.
बायको विचारते, छातीत मांजर पाळलंय का?"

मी पट्टा सोडते.
लाल झाकणाची नळी भरते.

रक्त गोठायला अर्धा तास लागतो.
तेवढ्यात ते बाकावर बसून
कुणाच्या तरी बाळाला किल्ल्या वाजवून दाखवतात,
मध्येच थांबतात,
बाळ हात पुढे करून वाट बघतं.

मग यंत्र गरगरतं. वर उरतं ते
गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी.
प्लेटला शहाण्णव खळगे, भातुकलीतल्या वाट्या जणू,
आणि प्रत्येकीच्या तळाशी चिकटवलेलं ते रसायन,
ज्याचं लांबलचक नाव माने कधीच घेत नाहीत.
ते म्हणतात 'आयसो'.
एखाद्या चुलत मेव्हण्याचं नाव घ्यावं तसं.

पहिल्या ओळीत निळं उमटलं,
आम्ल टाकल्यावर हळदीसारखं पिवळं.
दुसरी ओळ कोरी.
मी पुन्हा लावली.
कोरी.

डॉक्टर कापडिया चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"रक्ताने याला पाहिलंय, ओळख पटलीय.
भांडण झालं का, ते रक्त सांगत नाहीये.
बऱ्याच जणांचं नाही सांगत, आजारी असले तरी."
एवढं सगळं रिपोर्टच्या चौकटीत मावेना.
आम्ही टाइप केलं:
संपर्काचा पुरावा आढळतो. यावरून आजार नाकारता येत नाही.

कंपनीने त्यातला शेवटचा शब्द तेवढा वाचला.

दिवाळीनंतर माने पुन्हा आले,
अंगावर मांजलपूरच्या कुठल्याशा शाळेचा वॉचमनचा शर्ट.
बरं होतं म्हणाले, जवळजवळ बरं.
मग शाळेने बाकांना पॉलिश काढलं,
दोन डबे एकत्र कालवून लावतात ते, चकचकीत.
हे गेटापाशी, पॉलिश तिसऱ्या मजल्यावर,
आणि मांजर परत आलं.
मुख्याध्यापक म्हणतात, एवढ्याशा वासाने कोणी आजारी पडतं का,
काहीतरी लिहून आणा.

माझ्याकडे लिहिलेलं होतं ते तेच. दोन वाक्यं.
कापडियांनी एक फुंकायची नळी दिली,
सकाळ-संध्याकाळ फुंका, आकडा लिहा, रविवारचाही.
त्यांनी शाळेचीच वही आणली, मागे पाढे छापलेली,
आणि पहिल्या पानावर वरती मधोमध 'श्री' काढून
खाली लिहिलं: चारशे दहा.
दुसऱ्या दिवशी: दोनशे सत्तर.
मी ते दोन आकडे बराच वेळ बघत बसले.
शेजारच्या खोलीतून फॉर्मॅलिनचा वास येत होता,
नेहमीचाच,
आणि मला आठवेना
मी शेवटची खोकल्याशिवाय कधी झोपले.

नियमाने नमुना तीन महिन्यांत टाकून द्यायचा.
त्यांची नळी अजून फ्रीजरमध्ये आहे, उणे वीसला,
लेबलवरच्या नावावर बर्फाचा पापुद्रा.
माणूस कारखान्यातून सुटला, ती अजून ओळखते.
उद्या कोणी अधिक चांगली प्लेट बनवेल,
अधिक नीट प्रश्न विचारणारी.

वीज गेली की मी आधी तीच बघते.